प्रलय आधी, पुराण नंतर: फँटसीच्या जगात महापूर कसा रचावा

फँटसीच्या पहिल्या खर्ड्यात प्रलयाची जागा बहुधा ठरलेली असते: सुरुवातीचं दीड पान. हजार वर्षांपूर्वी देव कोपले, सगळं बुडालं, मूठभर माणसं वाचली. मग पहिल्या प्रकरणात नायक कोरड्या वाटेने घोडा हाकत येतो आणि त्या पुराशी कुणाचं काही देणंघेणं उरत नाही. एक सोपी परीक्षा करून बघा. पूर खोडून तिथे वणवा लिहा. पुढच्या चारशे पानांत एकही शब्द बदलावा लागला नाही, तर तुमच्या गोष्टीत पूर आलेलाच नाही.

यावर कामाला येणारी रीत दोन वह्यांची आहे. पहिल्या वहीत ‘घडलं काय’ आणि दुसरीत ‘लोक सांगतात काय’. पहिली वही वाचकाला कधीच पूर्ण दाखवायची नाही. दुसरी पहिलीतून निघते, वाकडी होत होत निघते, आणि दोन्हींत जे अंतर पडतं त्यावर कथानक चालतं. क्रम उलटा झाला की फसगत होते. मिथक आधी सुचतं, मग त्याला शोभेलसा पूर लिहिला जातो, दोन्ही तंतोतंत जुळतात आणि पात्रांना शोधून काढण्यासारखं काही राहतच नाही.

पहिली वही: पाणी आलं कुठून

आधी हिशेब. आपल्या पृथ्वीवरचा ध्रुवांचा आणि डोंगरांवरचा सगळा बर्फ वितळला तरी समुद्र साधारण ६५ ते ७० मीटर चढेल. २४ तासांतल्या पावसाचा विक्रम १,८२५ मिलिमीटरचा आहे, रियुनियन बेटावरचा, १९६६ सालचा. तसाच पाऊस साऱ्या जगावर ४० दिवस न थांबता पडला असं धरलं तरी पाणी ७३ मीटर होतं. तेवढं पाणी हवेत नसतंच. आकाशातली सगळी वाफ एकदम खाली आली तर जमिनीवर जेमतेम अडीच सेंटिमीटरचा थर होईल. म्हणजे डोंगराची शिखरं बुडवायची असतील तर तो चमत्कार आहे हे मान्य करा. मग ते पाणी कुणी आणलं, त्याची किंमत काय मोजली आणि ओसरून ते गेलं कुठे, ही तीन उत्तरं वहीत लिहून ठेवा. तिसरं उत्तर बहुतेक जण विसरतात, आणि खरं तर सगळ्यात कामाचं तेच असतं. पाताळातल्या कुठल्या तरी पोकळीत तो समुद्र अजून कोंडलेला असेल, तर कादंबरीच्या दुसऱ्या खंडाचा विषय मिळाला म्हणून समजा.

चमत्कार नको असेल तर ‘जग’ लहान करा. छतावर उभ्या असलेल्या, डोळे पाण्यापासून पाच मीटर उंच असलेल्या माणसाचं क्षितिज सुमारे आठ किलोमीटरवर असतं. सपाट मैदानात त्याच्या चहूबाजूंनी आठ-आठ किलोमीटर पाणी पसरलं की त्याच्या डोळ्यांपुरतं जग बुडालं. तो खोटं बोलत नाही.

आता पुराची जात ठरवा. प्रत्येक जातीची चाहूल वेगळी, वेग वेगळा, मागे ठेवलेला कचराही वेगळा.

नदीचा पूर दोन-चार दिवस आधी कळतो. पाणी गढूळ होतं, वाहून येणारा पालापाचोळा वाढतो. ओसरताना तो गाळ ठेवून जातो आणि पुढचं पीक उत्तम येतं. अशा नदीची देवता मारते आणि पोसतेही, म्हणून तिच्या आरतीत शिवी आणि लाड दोन्ही असायला हवेत. वादळाने आत ढकललेला समुद्र काही तासांत येतो, वाऱ्यासोबत येतो, भरतीच्या वेळी आला तर दुप्पट नुकसान करतो आणि मागे मीठ ठेवतो. १३६२ सालच्या अशा वादळात उत्तर समुद्राच्या काठचं रुंगहोल्ट हे गाव गेलं. शांत दिवशी पाण्याखालून त्याच्या घंटा ऐकू येतात अशी दंतकथा तिथे चालत आली आहे.

त्सुनामी खोल समुद्रात तासाला ७०० ते ८०० किलोमीटर वेगाने धावते, पण तिथे ती जाणवतही नाही. किनाऱ्याजवळ वेग उतरतो आणि उंची वाढते. पाणी आधी मागे सरतं, हे दरवेळी खरं नसतं. लाटेचा खोलगट भाग आधी पोचला तरच सरतं. शिवाय ती एकच लाट नसते. लाटांमध्ये काही मिनिटांपासून तासाभरापर्यंत अंतर असू शकतं आणि पहिली सगळ्यात मोठी असेलच असं नाही. पहिली ओसरल्यावर सामान शोधायला खाली उतरलेल्यांचं काय होतं, हे प्रकरण आपोआप लिहून होतं.

बर्फाने अडवलेलं तळं फुटणं ही फँटसीला सगळ्यात मानवणारी जात. शेवटच्या हिमयुगाच्या अखेरीस उत्तर अमेरिकेत मिझूला नावाचं तळं बर्फाच्या बांधामागे भरायचं, बांध फुटायचा, दोन हजार घनकिलोमीटरच्या आसपास पाणी काही दिवसांत वाहून जायचं, आणि काही दशकांनी पुन्हा तेच. असं अनेकदा झालं. जे. हार्लन ब्रेट्झ या भूगर्भशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात तिथल्या उघड्यावाघड्या खडकांवरून महापुराचं अनुमान मांडलं, तेव्हा जाणकारांनी ते कित्येक वर्षं मान्य केलं नाही. त्या प्रदेशात दहा-दहा मीटर उंचीचे उंचवटे आहेत. जमिनीवरून त्या साध्या टेकड्या वाटतात. विमानातून घेतलेल्या फोटोंत कळतं की नदीतळाच्या वाळूवर उमटतात तशाच त्या लहरी आहेत, फक्त राक्षसी. तुमच्या जगात उडणारा प्राणी असेल तर त्याच्या पाठीवर बसलेल्या पहिल्या माणसाला पुराणातली गोष्ट खरी असल्याचं कळतं, ते इथे.

आणि हळू चढणारा समुद्र. सुमारे १४,६०० वर्षांपूर्वी बर्फ झपाट्याने वितळून चार-पाच शतकांत समुद्र १६ मीटर तरी चढला. म्हणजे वर्षाला तीन-चार सेंटिमीटर, एका पिढीत जवळपास मीटरभर. किनाऱ्याचा उतार हजाराला एक असेल तर मीटरभर चढ म्हणजे एक किलोमीटर जमीन गेली. आईचं घर किलोमीटरभर आत समुद्रात, आजीचं दोन किलोमीटर. इथे कुणी बुडत नाही, पण दर पिढीला देवळातली मूर्ती उचलून आत न्यावी लागते. आता मूर्ती कुठल्या घराण्याच्या जमिनीवर ठेवायची, यावरून राज्यं पडू शकतात.

जमिनीने ठेवलेली साक्ष

पुराणाला उलटं उत्तर द्यायला जमीन लागते, म्हणून खुणा आधीच पेरून ठेवा. समुद्राच्या लाटेने खाडीच्या काळ्या चिखलात पांढऱ्या वाळूचा पातळ थर येतो. विहीर खणणाऱ्याला तो कमरेएवढ्या खोलीवर लागतो आणि त्याच्या बापालाही लागलेला असतो. भूकंपात किनारा मीटर-दीड मीटर खचला तर खारं पाणी मुळाशी येऊन जंगल उभ्या उभ्या मरतं. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर असे देवदाराच्या जातीचे वाळके खांब अजून उभे आहेत. त्यांच्या वाढीची वर्तुळं मोजून, आणि जपानमध्ये कुठलाही भूकंप न जाणवता आलेल्या लाटेच्या नोंदींशी ताडून, तो भूकंप २६ जानेवारी १७०० च्या रात्री झाला इथपर्यंत तारीख काढता आली. त्या किनाऱ्यावरच्या मूळ रहिवाशांच्या कथांत गरुडासारखा मेघपक्षी आणि देवमासा यांची झुंज येते. जमीन हादरते, समुद्र चढतो.

यातून एक उपयोगी युक्ती निघते. एकाच घटनेच्या दोन अर्धवट साक्षी समुद्राच्या दोन काठांवर ठेवा. एकीकडे हादरा आहे पण तारीख नाही, दुसरीकडे तारीख आहे पण हादरा नाही. दोघे भेटेपर्यंत कुणालाच काही कळत नाही.

दुसरी वही: सांगणारा कोण

इथे ‘नौका, पक्षी, डोंगर, इंद्रधनुष्य’ अशी यादी करून प्रत्येकातलं थोडं थोडं उचलायचा मोह होतो. तो आवरा. जुन्या कथा शेजारी ठेवून बघा, प्रत्येकीचं काम वेगळं आहे.

मेसोपोटेमियातल्या अत्राहसीसच्या कथेत पूर पापाची शिक्षा म्हणून येत नाही. माणसं फार झाली, गोंगाट फार झाला, एन्लिल देवाची झोप मोडली. त्याने आधी रोगराई धाडली, मग दुष्काळ, आणि काहीच पुरेना तेव्हा पूर. पुरात माणसं गेली तसे देवच उपाशी पडले, कारण नैवेद्य दाखवायला कुणी उरलं नाही. वाचलेल्या अत्राहसीसने होम केला तेव्हा देव त्यावर माश्यांसारखे गोळा झाले. शेवटी तडजोड होते: यापुढे काही बायकांना मूल होणार नाही, काही बाळं दगावतील, काही स्त्रिया देवाला वाहिलेल्या राहतील. बाळ का मरतं, या प्रश्नाचं उत्तर ही कथा देते. पूर निमित्त.

शतपथ ब्राह्मणातला मनू ओंजळीत आलेला मासा वाढवतो, नाव त्याच्या शिंगाला बांधतो, उत्तरेच्या डोंगरावर उतरतो आणि पाणी ओसरेल तसा खाली येतो. त्या उताराला ‘मनोरवसर्पण’, म्हणजे मनूचं उतरणं, हे नाव पडतं. मग तो पाण्यात तूप-दह्याची आहुती देतो आणि त्यातून इडा नावाची स्त्री जन्मते. ही कथा ‘इडा’ याच नावाच्या यज्ञकर्माचं मूळ सांगते आणि जाता जाता एका जागेचं नावही. चीनमधल्या यूच्या कथेत तर नौकाच नाही. बाप गुन बांध घालून पाणी अडवायला गेला आणि फसला. मुलाने तेरा वर्षं कालवे खणून पाणी समुद्राला नेलं, तीनदा स्वतःच्या दारावरून गेला पण आत शिरला नाही. राज्य करायचा हक्क कुणाला, तर पाण्याला वाट काढून देणाऱ्याला. मेसोपोटेमियातल्याच सुमेरच्या राजावलीत पुरापूर्वी आठ राजे मिळून दोन लाख एकेचाळीस हजार दोनशे वर्षं राज्य करतात, मग पूर येतो आणि राजपद पुन्हा आकाशातून नव्या शहरात उतरतं. तिथे पूर म्हणजे वंशावळीतली रेघ.

म्हणून तुमच्या मिथकासाठी चार ओळी लिहा. ही कथा आज कोण सांगतं? ती सांगून त्याला काय मिळतं: जमीन, कर, पुजारीपण, की नुसती माफी? कथेत कुणाचं नाव गाळलंय? आणि ऐकणाऱ्याने उद्या सकाळी काय करावं, अशी तिची अपेक्षा आहे? चौथ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर ती कथा हजार वर्षं टिकणार नाही. इंडोनेशियातल्या सिमुलुए बेटावर १९०७ च्या लाटेनंतर ‘स्मोंग’ (तिथल्या बोलीत त्सुनामी) हा शब्द अंगाई आणि गाण्यांतून पोरांच्या कानावर पडत राहिला: जमीन जोरात हलली, समुद्र मागे गेला, की डोंगराकडे पळ. २००४ च्या त्सुनामीत सत्तर हजारांहून जास्त वस्तीच्या त्या बेटावर सात माणसं दगावली. गाणं लहान होतं आणि त्यात आज्ञा होती.

कथा किती बिघडवायची यासाठी एक अंदाज वापरता येतो. हा निसर्गनियम नव्हे, लेखकाची सोय आहे. तीन पिढ्यांपर्यंत नावं, नाती आणि घरांच्या जागा शाबूत ठेवा. दहाव्या पिढीपर्यंत आकडे गोल करा: ३७ दिवसांचे चाळीस, अकरा नावांची एक. चाळिसाव्या पिढीला दोन वेगळे पूर एक करा, दोन माणसांना एक नाव द्या, जागेचं नाव मात्र तसंच राहू द्या, कारण डोंगर रोज समोर दिसतो. शिवण दिसली तरी चालेल. बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात नोहाच्या गोष्टीत एकीकडे चाळीस दिवस, दुसरीकडे दीडशे. एकदा प्रत्येक प्राण्याची एक जोडी, एकदा शुद्ध प्राण्यांच्या सात. दोन परंपरा एकत्र शिवल्याच्या या खुणा आहेत. तुमच्या धर्मग्रंथात अशा दोन-तीन जागा मुद्दाम ठेवा. त्यावर भांडणारे दोन पंथ फुकट मिळतात.

नौका हवीच असेल तर

नोहाच्या नौकेची मापं ३०० × ५० × ३० हात, म्हणजे ढोबळ १३५ × २२ × १३ मीटर. लाकडी जहाज शंभर मीटरच्या आसपास गेलं की लाटांवर वाकू लागतं, फळ्यांच्या सांधी उघडतात आणि पाणी सतत उपसत राहावं लागतं. नौका मोठी हवी तर उपसणारे हात मोजा. त्यापेक्षा लहान होड्यांचा तांडा, एकमेकींना बांधलेला, जास्त पटतो. आणि दोर कापायचा प्रसंग कधी ना कधी येतोच. मेसोपोटेमियातल्या एका मृत्तिकापट्टीवर नौका चक्क गोल आहे, वळलेल्या दोरांची, डांबर फासलेली, टोपलीसारखी. तिला कुठे जायचंच नव्हतं, नुसतं तरंगायचं होतं.

आत काय भरायचं? समजा ४० माणसं, दोन गाई, १५० दिवस. पहिले ४० दिवस पाऊस आहे, तेव्हा पिण्याचं पाणी छपरावरून मिळेल, म्हणजे पन्हळ आणि पिंपं आधी बसवलेली हवीत. उरलेले ११० दिवस खालचं पाणी खारं किंवा मढ्यांनी नासलेलं. माणशी तीन लिटर धरले तर १३,२०० लिटर. गाईला दिवसाला ४० लिटर, दोघींना मिळून ८,८०० लिटर. एकूण बावीस टन पाणी झालं, अजून धान्याचा दाणा भरलेला नाही. दोन गाईंना दिवसाला वीस किलो सुका चारा म्हणजे दीडशे दिवसांचे तीन टन. सुटं गवत पोकळ असतं, त्याला तीस-चाळीस घनमीटर जागा लागते, म्हणजे गाईंपेक्षा चाऱ्याची खोली मोठी. हे सगळं वाचकाला सांगायचं नसतं. पण नव्वदाव्या दिवशी एक गाय कापायची की तिचं पाणी पोरांना द्यायचं, या भांडणाला धार येते ती या आकड्यांनी.

बियाणं हा नौकेवरचा खरा खजिना. ओल लागली की ते कुजतं किंवा आतच मोडतं. त्याची किल्ली कुणाकडे, हे ठरवलंत की पुरानंतरची पहिली राणी कोण तेही ठरतं.

पाणी ओसरल्यावर

वाचलेल्यांना आधी तहान मारते. विहिरी गाळाने भरलेल्या किंवा खाऱ्या. पुढे जुलाब, मग भूक. समुद्राचं पाणी शिरलेल्या शेतातून मीठ निघायला गोड्या पावसाचे काही हंगाम लागतात, निचरा नसेल तर अनेक वर्षं. बांध आणि हद्दीचे दगड वाहून गेलेले असतात, त्यामुळे ‘हे शेत कुणाचं’ ते ठरवणारा मोजणीदार वर्षभरात सेनापतीपेक्षा बलवान होतो. सावकाराच्या वह्या गेल्या, म्हणजे कर्जंही गेली. ज्याच्या वह्या वाचल्या तो एकच सावकार असेल तर त्याच्या घराला लोक आग लावतील की त्यालाच राजा करतील? यावर एक अख्खी कादंबरी उभी राहते.

लोकसंख्येचा हिशेब तर करायलाच हवा. दोनशे माणसं वाचली आणि वर्षाला एक टक्का वाढत गेली, तर हजार वर्षांनी साधारण बेचाळीस लाख होतात. अर्धा टक्का धरला तर अवघी एकोणतीस हजार. लाखांची सैन्यं, पाच राजधान्या आणि ‘हजार वर्षांपूर्वी दोनशे वाचले’ हे एकत्र बसवायचं असेल तर वाढ भरघोस धरा, किंवा वाचलेले जास्त होते असं धरा. दुसऱ्यात मजा आहे. पुराण दोनशे म्हणतं, आणि बाकीच्यांना कथेतून कुणीतरी खोडलंय.

एक दरी, जवळून

हे सगळं एका जागी बघू. निरवा नावाची नदी, तिच्या काठी तळवाट नावाचं शहर. पहिली वही अशी: शहराच्या वर नव्वद किलोमीटरवर दरड कोसळून नदी अडते. प्रवाह सेकंदाला ५० घनमीटर, अडलेले दिवस २१०. गुणाकार केला तर दरडीमागे सुमारे नव्वद कोटी घनमीटर पाणी साठतं: एक किलोमीटर रुंद, वीस किलोमीटर लांब, सरासरी पंचेचाळीस मीटर खोल. मग पाणी दरडीच्या माथ्यावरून सांडतं, माती कोरत नेतं आणि बांध काही तासांत जातो. दरडीचे बांध असेच जातात, आणि बहुतेक वर्षभराच्या आत. सेकंदाला पाच मीटर वेग धरला तर लोंढा शहरात पाच तासांनी पोचतो.

पण ते सात महिने खाली काय चाललं होतं? नदी आटली होती. पुराआधी दुष्काळ आला होता. डबक्यांत मासे हाताने वेचता येत होते. मग लोकांनी पात्रात भाजी लावली, खोपटी बांधली, नदीने जमीन दिली म्हणून उत्सव केला. पूर आला तेव्हा अर्धं शहर पात्रात झोपलेलं होतं.

आता दुसरी वही. देवळाचे पुजारी सांगतात: देवीने सात महिने श्वास रोखून आपली परीक्षा पाहिली, आपण तिच्या अंगावर नांगर घातला. म्हणून पात्रातली जमीन देवळाची. वरच्या डोंगरातले धनगर सांगतात: आम्ही तिसऱ्या महिन्यात निरोप धाडला होता, वेशीवरच्या जकातदाराने माणसाला परत पाठवलं. ही गोष्ट शहरात सांगायला बंदी. नावाडी काहीच सांगत नाहीत, पण त्यांच्या पोरी दोरीवर उड्या मारताना मोजतात: ‘एक कोरडी, दोन कोरडी… सातवी ओली, पळ गं पोरी.’ खरी तारीख फक्त या खेळात उरलीय.

रोजच्या जगण्यात काय उरलंय? घरांना वरच्या मजल्यावर बाहेर उघडणारा दरवाजा, ज्याखाली जिना नाही. वाळूत झोपणाऱ्याला दंड. ‘पात्रातला’ ही शिवी. लग्नात वधूला देतात तो दोर, कशासाठी ते आता कुणाला आठवत नाही. आणि पहिल्या प्रकरणात, अगदी एका ओळीत, धुणं धुणारी बाई म्हणते की आज पाणी जरा कमी आहे.

हा नमुना अगदी हवेतला नाही. १८९३ मध्ये हिमालयात बिरही गंगेवर दरड कोसळून गोहना तळं तयार झालं. तळं भरून सांडेल कधी याचा अंदाज अधिकाऱ्यांनी बांधला, खाली तार टाकली, वस्त्या हलवल्या. ऑगस्ट १८९४ मध्ये बांध फुटला, गढवालमधलं श्रीनगर वाहून गेलं, पण माणसं जवळपास सगळी वाचली. गेली ती पाच: हलवल्यावरही परत जाऊन तिथेच बसलेला एक फकीर आणि त्याचं कुटुंब. इशारा मिळूनही कोण मागे राहतं आणि का, याचं उत्तर तुमच्या प्रत्येक पूरकथेत असायला हवं. ‘मूर्ख होते’ हे उत्तर चालणार नाही.

पाण्याशिवायचे प्रलय

थोडक्यात, कारण रीत तीच आहे. ज्वालामुखी: एप्रिल १८१५ मध्ये इंडोनेशियातला तांबोरा फुटला आणि १८१६ च्या जूनमध्ये उत्तर अमेरिकेच्या ईशान्य भागात बर्फ पडलं; मूळ जगाच्या एका टोकाला, उपास दुसऱ्या टोकाला, त्यामुळे दोष भलत्यावरच येतो. खारावणं: पाटाच्या पाण्याने जमिनीत मीठ वर येतं, जव गव्हापेक्षा जास्त खार सोसतो, म्हणून गव्हाची भाकरी आधी सणापुरती आणि मग राजवाड्यापुरती उरते. दुष्काळ: मध्य युरोपातल्या एल्बे नदीच्या तळात दगड आहेत, पाणी फार उतरलं तरच दिसणारे; डेचीन इथल्या एकावर कोरलंय की मला पाहशील तर रड. मध्य आशियातला अरल समुद्र १९६० नंतर आटत गेला, कारण त्याच्या दोन्ही नद्या कापसाला वळवल्या. मोयनाक बंदरातल्या बोटी वाळूत गंजत पडल्या. शेवटच्या उदाहरणात राक्षस कुणीच नाही, फक्त दरवर्षीचं कापसाचं उद्दिष्ट आहे. असा खलनायक लिहायला कठीण आणि विसरायला त्याहून कठीण.

हमखास बिघडतं ते

बुडालेले सगळे दुष्ट होते, असं लेखकानेच म्हणणं. पुजाऱ्याने म्हणावं; तुम्ही म्हणू नका, आणि बुडालेल्यांपैकी दोघा-तिघांची नावं, धंदे आणि अर्धवट राहिलेली कामं पहिल्या वहीत लिहून ठेवा.

नकाशा पुराआधी काढणं. आधी पाणी फिरवा, मग गावं बसवा. जुनी गावं उंच, नवी खाली, कारण आठवण उतरते तशी वस्तीही उतरते. जपानमध्ये अनेयोशीला दगड आहे, ‘याच्या खाली घर बांधू नका’ असं सांगणारा. २०११ च्या त्सुनामीचं पाणी त्याच्या खालीच थांबलं. तुमच्या जगात असा दगड असेल तर त्याच्या खाली आज काय आहे ते ठरवा. बाजार? शाळा? खुद्द राजवाडा?

आणि देव खरे असतील तर ‘घडलं काय’ ही वही देवांच्या बाजूनेही लिहावी लागते. सर्वज्ञ देवाने एका माशाकरवी किंवा वेताच्या भिंतीआडून कुजबुजत निरोप का द्यावा? अत्राहसीसच्या कथेत एन्की हा देव तसं करतो, कारण देवसभेत माणसाला न सांगण्याची शपथ झालेली असते, आणि भिंतीशी बोलणं म्हणजे माणसाशी बोलणं नव्हे. देवांनाही कायदा आहे आणि त्यांच्यातही पळवाटा शोधणारे आहेत. ही एक फट ठेवलीत की देव पात्रं होतात.

खर्डा झाला की कथेशी संबंध नसलेलं एक दुय्यम पात्र घ्या, समजा खानावळीत भांडी घासणारा पोऱ्या. त्याचा उठल्यापासून झोपेपर्यंतचा एक दिवस पानभर लिहा. त्यात पुराच्या तीन खुणा सापडल्या पाहिजेत, आणि त्या तिन्ही कशामुळे आल्या हे त्या पोऱ्याला ठाऊक नसलं पाहिजे.